निवटीकडे बघणारा

समस्त वाचकवर्ग, त्यांचे नातलग आणि ज्यांच्या घरात निदान एक तरी चार्जर आहे अशा सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत मजकूर लिहिणारा इसम (वय बावन्न, राहणार कामोठे, चष्म्यासह दृष्टी उत्तम, व्यसन फक्त चहाचे) हे निवेदन पूर्ण शुद्धीत करीत आहे. कोणीही घाबरून जाऊ नये. पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

झालं. आता माणसासारखं बोलतो.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आम्ही साताऱ्याकडचे. गावात ओढ्याकाठी एक चिंच होती, तिच्यावर म्हणे कोण कोण बसायचं… मी दहावीचा सगळा अभ्यास त्या चिंचेखाली केला, कारण तिथे त्रास द्यायला कोणी येत नसे. भुतांचा हा एक उपयोग मला लहानपणीच कळला होता. पुढे मी कंप्युटरच्या धंद्यात आलो आणि उरलासुरला प्रश्नही मिटला. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची नोंद असते. कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं. भूत आलं तरी त्याला आधी लॉगिन करावं लागेल, असं मी चारचौघांत सांगून हशा मिळवायचो.

आता प्रसंगाची जागा नीट सांगतो. जासईच्या अलीकडे एक कंटेनर यार्ड आहे, तिथे मी नोकरीला आहे. पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला आमची सर्व्हर रूम. एसी कायम बावीसवर. रूमच्या काचेला लागून एक टेबल आणि दोन खुर्च्या. दोन खुर्च्या हे लक्षात ठेवा, कारण गेली दोन वर्षं दुसरीवर माझं हेल्मेट बसतं.

त्या खुर्चीवर आधी भोईर बसायचा.

भोईर जासईचाच. मुळात इलेक्ट्रिशियन. वायरी ओढता ओढता कंप्युटर शिकला आणि माझ्यापेक्षा चांगला शिकला, हे मी तो जिवंत असताना कधी कबूल केलं नाही. यार्डात तेव्हा तीन सर्व्हर होते. एकेका सर्व्हरच्या पोटात चार-पाच व्हर्च्युअल मशीन. म्हणजे खरा कंप्युटर एक, आणि त्याच्या आत स्वतःला खरे समजणारे चार-पाच. एक गेटपास छापणारी, एक वजनकाट्याची, एक कॅमेऱ्यांची, असं. पंचाईत अशी की सर्व्हर आजारी पडला की त्याच्या पोटातली सगळी मंडळी त्याच्याबरोबर झोपायची, आणि खाली ट्रकची रांग लागायची. यावर उपाय म्हणून एका कंपनीची स्टोरेजची तयार पेटी घ्यायचं चाललं होतं. भोईर मधे पडला.

"निकमशेठ, पेटी कशाला? फुकटचा सॉफ्टवेअर हाय, सगल्यांना उघडा हाय. तिन्ही मशीनींच्या डिस्का एक करायच्या, का झाली एक खाडी. मंग ज्याला जेवरा पायजे तेवरा मासा त्याने काढावा. आनी परत्येक गोष्ट तीन जागी ठेवायची. एक मशीन मेली तरी दोन हायेत."

"आणि दोन मेल्या तर?"

"तर तू हायेस ना."

केलं आम्ही. वेगवान डिस्का घातल्या, जाड वायरी ओढल्या, पंधरा दिवस घरी नीट गेलो नाही. पण असं काही चाललं म्हणता… चालत्या बैलगाडीचा बैल बदलावा आणि गाडीवानाला कळू नये, तशी आम्ही चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचो. गेटवर ड्रायव्हरने नंबर सांगितला की पास हातात.

मशीनची नावं अर्थात भोईरने ठेवली. गेटची जिताडा, काट्याची सुरमई, कॅमेऱ्यांची बोंबील. आणि त्याची स्वतःची एक होती, प्रयोगांसाठी, तिचं नाव निवटी. खाडीच्या चिखलात डोळे वर काढून बसणारा तो इवलासा मासा. निवटीला त्याने कागदावर अफाट मोठी डिस्क दिली होती. आमच्यात ही वाईट सवय असते. जितकं लिहाल तितकीच जागा जाते, म्हणून देताना कोणी हात आखडत नाही.

आमच्या वरिष्ठ कामत मॅडम. सीवूड्सला राहतात, घरूनच काम करतात. यार्डात त्या कधी आल्या नाहीत. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. आमच्यासाठी त्या म्हणजे एक आवाज, तोही इस्त्री केलेला. नावं कळल्यावर त्यांचा फोन आला.

"भोईर, सर्व्हरना माशांची नावं?"

"मॅडम, तुमी शाकाहारी काय?"

"नाही."

"मंग?"

नावं राहिली.

आता आमची एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सुरुवातीच्या दिवसांत एकदा आम्ही दोघं बोंबलाच्या कालवणावर तुटून पडलो होतो, पाठी स्क्रीनकडे. तेवढ्यात एक डिस्क गेली, पाठोपाठ दुसरी. वाचलो, पण भोईरने नियम केला… एकाने जेवायचं, एकाने स्क्रीनकडे बघायचं. एक ते दीड मी जेवायचो, तो बघायचा. दीड ते दोन तो जेवायचा, मी बघायचो. अकरा वर्षं. समोरासमोर बसून आम्ही एकत्र असे कधी जेवलोच नाही, आणि तरी मी आयुष्यात कोणाबरोबर जेवलो असेन तर भोईरबरोबर. घरी मी एकटाच आहे, त्याची कारणं या लेखाच्या विषयाबाहेरची आहेत.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी भोईर आला नाही. रविवारी पुतण्याच्या हळदीला नाचला, घरी येऊन पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत गेला होता. इतकंच.

त्याच्या जागी कोणी आलं नाही. कामत मॅडम म्हणाल्या, "सध्या तुम्ही बघा." ते सध्या अजून चालू आहे. महिन्याभरात त्यांचा निरोप आला की टेस्टची मशीन काढून टाका. मी निवटी बंद केली, यादीतून नाव खोडलं. डिस्क मात्र ठेवली. मशीन म्हणजे नाव-पत्ता, खरा ऐवज डिस्कमध्ये असतो. बोट बटनावर नेलं, आणि म्हटलं राहू दे, एका कोपऱ्यात पडून राहील, कोणाचं काय जातं.

आणि इथून ती गंमत सुरू होते, हिला गंमत म्हणायचं तर.

चार-सहा महिन्यांनी मी जागेचा हिशेब बघत होतो, तर निवटीची डिस्क वाढलेली. अहो, जिला मशीनच नाही ती डिस्क वाढेल कशी? वापरणारा नसलेल्या घराचं पाण्याचं मीटर फिरल्यासारखं झालं हे. मी आलेख काढला. दिवसभर सपाट, रात्रभर सपाट. दुपारी एकला रेघ चढायला लागायची, दीडला पुन्हा सपाट. रोज. रविवार सोडून. रविवारी मी कामावर नसतो.

पहिल्यांदा मी पोटभर हसलो. म्हटलं, निकम, तुझा मेंदू एसीत राहून नासला. मग धंदेवाईक माणसासारखा कामाला लागलो. डिस्कची एक नक्कल काढून आत डोकावलो. भोईरचं सामान जसंच्या तसं. आणि नवीन लिहिलेल्या जागेत काय, तर शून्यं. नुसती शून्यं, मैलोन्‌मैल. म्हणजे कोणी रोज यावं, अर्धा तास बसावं, एक अक्षर न बोलता उठून जावं, तसं.

आता हे सॉफ्टवेअर एक सोय देतं. एखादी डिस्क कोणी उघडून बसलंय का, ते विचारता येतं. जो उघडून बसतो त्याला सॉफ्टवेअरच्या भाषेत बघणारा म्हणतात. हे मी मनाचं सांगत नाही, ज्याला शंका असेल त्याने या धंद्यातल्या कोणालाही विचारावं. सकाळी अकराला विचारलं, बघणारा कोणी नाही. साडेबाराला विचारलं, कोणी नाही. एक वाजून दोन मिनिटांनी विचारलं. बघणारा एक. पुढे त्याचा पत्ता.

पत्ता आमच्याच आतल्या नेटवर्कचा होता. चौथ्या सर्व्हरचा.

चौथा सर्व्हर म्हणजे भोईरने भंगारातून उठवून आणलेलं धूड. त्यावर तो प्रयोग करायचा. तो गेल्यावर मीच ते काढलं, डिस्का काढल्या, वायर काढली, आणि स्टोअररूमच्या वरच्या फळीवर टाकलं. मी जिन्यावरून धावत गेलो. होतं तिथेच. एका बाजूला गणपतीचं मखर, दुसऱ्या बाजूला जुने पंखे. मागे वायर नाही, पोटात डिस्क नाही, अंगावर बोटभर धूळ. मी हात लावून बघितलं. गार होतं. परत वर येऊन नेटवर्कच्या स्विचला विचारलं, बाबा, हा पत्ता तुझ्या कुठल्या भोकातून येतोय? तो म्हणाला अकराव्या. अकराव्या भोकात वायरच नव्हती.

त्या दिवशी मी डबा परत नेला.

दुसऱ्या दिवशी भोईरच्या घरी गेलो. म्हटलं, त्याचा लॅपटॉप घरून कसातरी जोडला जात असेल. वहिनी ओटीवर कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"वहिनी, भोईरचा लॅपटॉप कुठंय हो?"

"त्यो? कपाटान हाय. फुगलाय. आमचे सुनंनी पयला त्याचेवर पापर लाटलं, मंग वर ठेवला."

बघितला. बॅटरी फुगून खरंच पुरी झाली होती. चालू व्हायचा प्रश्नच नव्हता.

"काय झालं, भावजी? हापिसान काय तरास हाय का?"

"नाही हो. जुनं काम आहे, मिळत नाहीये."

"त्याचा काम ना… घरान पन त्याला काय मिलायचा नाय. चष्मा डोक्याव, आनी सगला घर शोधाला लावायचा." आणि त्या कोलमाच्या सुपात बघत राहिल्या. मी लॅपटॉप परत कपाटात ठेवला.

तुम्ही म्हणाल, मग डिस्क उडवायची ना. हा प्रश्न योग्य आहे आणि मी त्याचं उत्तर टाळत आलोय. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. लोक जेवताना मालिका बघतात, मी आलेख बघायचो. एकला डबा उघडायचा, समोर रेघ चढायला लागायची. मी म्हणायचो, आज गवार आहे भोईर, आग्रह करणार नाही. रेघ चढत राहायची. कामोठ्याच्या माझ्या घरात दोन खोल्या आहेत आणि त्या दोन्ही माझ्याशी बोलत नाहीत. सोसायटीत मला लोक सेक्रेटरीचा मित्र म्हणून ओळखतात, आणि सेक्रेटरी मला ओळखत नाही. दिवसातला हा अर्धा तास मला कोणीतरी सोबतीला होतं. ते कोण, हे मी विचारायचं सोडून दिलं. पाहुण्याला कोण कधी विचारतं, का आलास म्हणून?

पण पाहुणा वाढत होता. पहिल्यांदा चिमूटभर, मग ओंजळभर, मग पोतंभर. खाडी भरत आली. हे सॉफ्टवेअर शहाणं आहे, ठरावीक रेघेच्या वर भरलं की आधी ओरडतं, मग लिहिणंच थांबवतं. लिहिणं थांबलं की जिताडा, सुरमई, बोंबील सगळे जागच्या जागी थिजणार. माझ्यासमोर सरळ निवड होती. निवटी उडवायची, किंवा यार्ड बंद पाडायचं.

मी तिसरंच केलं. ओरडायची रेघ वर सरकवली. मग आणखी थोडी वर. बोंबीलचे जुने फोटो उडवले, माझी स्वतःची जुनी मशीन उडवली. आमच्या धंद्यात याला पाप म्हणतात आणि ते प्रत्येकाने एकदा तरी केलेलं असतं. ताप बघायचा नाही म्हणून थर्मामीटरवरचे आकडे खोडण्यातला प्रकार.

मार्च महिन्यात एका बुधवारी, एक वाजून दहा मिनिटांनी, सगळं थिजलं.

मला ते आधी कानांनी कळलं. खालचा गेटचा प्रिंटर दिवसभर चरचरतो, तो बंद पडला. मग एक हॉर्न. मग तीन. पाच मिनिटांत खिडकीखालून रस्त्याच्या वळणापर्यंत ट्रक, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. त्या दिवशी जागा मोकळी करण्याच्या नादात डबा माझ्यासमोर तसाच बंद राहिला होता. फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला, कारण दोन्ही हात कीबोर्डवर हवे होते.

"निकम, स्टोरेज भरलंय. कसं काय?"

"बघतोय मॅडम."

"सगळ्यात मोठं काय आहे त्यात?"

मी यादी पुन्हा वरून खाली वाचली.

"निकम?"

"निवटी."

"ती तर दोन वर्षांपूर्वी काढायला सांगितली होती. उडवा."

मी कमांड टाइप केली. निवटीचं नाव लिहिताना दोनदा चुकलो. एंटर मारलं. सॉफ्टवेअरने नकार दिला. त्याचा नकार फार सभ्य असतो. या डिस्ककडे अजून कोणीतरी बघत आहे, ते बंद करा, किंवा बघणारा अचानक गेला असेल तर तीस सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करा.

बघणारा अचानक गेला असेल तर. मराठीत आणताना मी काही घातलेलं नाही, ते तसंच लिहून येतं.

"काय झालं?"

"कोणीतरी उघडून बसलंय, मॅडम."

"कोण? थांबा अर्धं मिनिट, सुटेल."

थांबलो. नकार. पुन्हा थांबलो. नकार. "त्या पत्त्यावर बंदी घाला," मॅडम म्हणाल्या. घातली. बंदीच्या यादीत पत्ता दिसायला लागला, आणि बघणाऱ्यांच्या यादीतही दिसत राहिला. असं होऊच शकत नाही. दारावर कुलूप आहे आणि माणूस उंबऱ्यात उभा आहे. खाली गेटवरचा गार्ड ओरडत होता. एक ड्रायव्हर उतरून गेटच्या बंद पडलेल्या आडव्या दांड्याला हाताने ढकलत होता. मॅडम कोणाशी तरी दुसऱ्या फोनवर बोलत होत्या, मालक असणार.

तेव्हा मला कळलं, किंवा वाटलं म्हणा, की तो का उठत नाहीये. मी जेवलोच नव्हतो. त्याची पाळी दीडपर्यंत होती. मी जेवून उठल्याशिवाय तो स्क्रीनपुढून हलला, असं अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

मी हेल्मेट खुर्चीवरून उचलून खाली ठेवलं. का, ते विचारू नका. आणि बोललो. अगदी साध्या आवाजात, रोज बोलायचो तसा.

"भोईर, माझं झालं जेवून. ऊठ तू. आता मी बघतो."

डबा उघडलेला नव्हता. मी त्याच्याशी खोटं बोललो, आयुष्यात पहिल्यांदा.

पुन्हा विचारलं, बघणारे किती? शून्य.

कमांड मारली. एक टक्का. दोन टक्के. त्याला सावकाश पुसायची सवय आहे. मी एकेक आकडा बघत होतो, नियमाप्रमाणे. चाळीसच्या आसपास खालचा प्रिंटर चरचरला. साठला हॉर्न विरळ झाले. शंभर झाले तेव्हा घड्याळात दीडला तीन मिनिटं कमी होती. यादीत निवटीचं नाव नव्हतं.

नंतर मी जे जे करता येईल ते केलं. त्या सॉफ्टवेअरच्या जगभरच्या मंडळींना सगळ्या नोंदी पाठवल्या. एकाने लिहिलं जुनी आवृत्ती आहे, बदला. बदलली. एकाने लिहिलं तुमच्या घड्याळात घोळ असेल. नव्हता. एकाने लिहिलं की असं व्हायला निदान वीज तरी जोडलेली हवी. त्याचं बरोबर आहे. चौथा सर्व्हर अजून मखराशेजारी आहे. अकराव्या भोकात अजून वायर नाही. एक ते दीडची रेघ आता आडवी असते, आडवीच राहते. मी रोज बघतो. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कोणाकडे असेल तर कृपया हळू आवाजात सांगावं.

आता त्या दुपारची एकच गोष्ट राहिली. शंभर टक्के झाल्यावर मी खुर्चीत मागे टेकलो आणि मग माझ्या लक्षात आलं की फोन चालूच आहे. स्पीकरवर. मॅडमनी सगळं ऐकलं होतं. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा सुरू केला. घसा खाकरला, तांत्रिक काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तोच तो इस्त्रीचा आवाज आला, या वेळी इस्त्री नसलेला.

"निकम… तुम्ही तिथे रोज एकटेच जेवता?"